लॅपटॉपची रॅम वाढवताना: किती, कोणती आणि कशा जोडणीत

लॅपटॉप हळू चालू लागला की दुकानात जाऊन ‘रॅम वाढवून द्या’ एवढे सांगणे सोपे असते. पण कोणत्या प्रकारची रॅम, किती जीबीची, एक स्टिक (रॅमची सुटी पट्टी) की दोन, जुनी ठेवायची की काढायची, हे सगळे प्रश्न दुकानदारावर सोपवले, तर त्याच्या कपाटात जे असेल तेच आपल्या यंत्रात बसते. यात त्याचा फारसा दोषही नाही, कारण आपण दिवसभर लॅपटॉपवर काय करतो आणि आत आज काय बसवलेले आहे, हे काउंटरवरच्या पाच मिनिटांत त्याला कळणे कठीण असते. ठाणे आणि नवी मुंबईत असंख्य विद्यार्थी, लेखापाल, वास्तुरचनाकार आणि घरून काम करणारी मंडळी लॅपटॉपवर पोट भरतात. त्यांपैकी ज्यांनी आजवर लॅपटॉपचे खालचे झाकण कधी उघडलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रॅमची निवड घरी बसून, आपल्याच यंत्राकडे पाहून करता येते आणि तशीच ती करावी, असे माझे ठाम मत आहे.

अडचण रॅमचीच आहे का

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’, म्हणजेच रॅम, निवडावी. मात्र लॅपटॉप नुकताच सुरू केलेला असताना हे पाहून उपयोग नाही. रोजचे काम ऐन भरात असताना, म्हणजे ब्राउझरच्या पंधरा-वीस टॅब, एक्सेलची मोठी फाइल, टॅली आणि व्हिडिओ कॉल असे सगळे एकाच वेळी चालू असताना पाहावे. तिथे ‘इन यूज’ म्हणजे वापरात असलेली आणि ‘अव्हेलेबल’ म्हणजे लगेच मिळू शकणारी मेमरी दिसते. ‘कॅश्ड’ नावाचा आकडा मोठा दिसला तर घाबरू नये. विंडोज मोकळी मेमरी पडून राहू देत नाही, अलीकडे वापरलेल्या फाइली तीत ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडून देते.

खरी टंचाई ओळखायची ती अशी: ‘अव्हेलेबल’चा आकडा कामाच्या वेळी बराच काळ एक जीबीच्या आसपास किंवा त्याखाली राहतो, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना पडदा क्षणभर गोठतो आणि त्याच वेळी डिस्कचा वापर एकदम वर चढतो. मेमरीत न मावलेली माहिती विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकत आणि परत आणत असते, म्हणून असे होते. ‘कमिटेड’समोरचा पहिला आकडा, म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मागितलेली एकूण मेमरी, प्रत्यक्ष बसवलेल्या रॅमपेक्षा कायम मोठी राहत असेल, तर तोही टंचाईकडेच बोट दाखवतो. आपल्याला किती रॅम लागेल याचा ढोबळ अंदाजही याच आकड्यावरून येतो: आठ जीबीच्या यंत्रावर तो रोज तेरा-चौदा जीबीपर्यंत जात असेल, तर सोळा जीबी ही चैन नसून गरज आहे.

याउलट मेमरी निम्मी मोकळी असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर रॅमवर खर्च करू नये. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क, बसवावी. त्या एका बदलाने पडणारा फरक कितीही रॅम भरून पडत नाही. पंख्यात धूळ साचल्याने प्रोसेसर तापून मंद झाला असेल, तर उपाय साफसफाईचा आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा देऊन उपलब्ध मेमरीचा रकाना पाहावा. ॲपलच्या २०२०पासूनच्या एम मालिकेतील लॅपटॉपांत मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते आणि ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हा निर्णय फक्त खरेदीच्या दिवशीच असतो.

आपल्या यंत्रात काय आहे आणि काय मावेल

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली तीन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या कागदावर उतरवून घ्याव्यात: मेमरीचा वेग, ‘स्लॉट्स यूज्ड’ म्हणजे किती खाचा वापरात आहेत, आणि ‘फॉर्म फॅक्टर’. शेवटच्या ओळीत ‘सोडिम’ असे असेल, तर काढता-घालता येणारी स्टिक आहे. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल, तर मेमरी मदरबोर्डला (मुख्य सर्किट बोर्डाला) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली आहे. खाचांच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण पूर्ण सोल्डर केलेल्या पातळ लॅपटॉपांवरही तिथे ‘आठपैकी आठ’ असे काहीतरी दिसते आणि वाचणाऱ्याला वाटते की आत आठ खाचा आहेत.

यानंतर लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नाव शोधावे. पाठीवरच्या स्टिकरवरचे लांबलचक नाव घ्यावे, झाकणावरचे मालिकेचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच मालिकेत काही यंत्रांना दोन खाचा, काहींना एक खाच आणि सोल्डर केलेली थोडी मेमरी, तर काहींना एकही खाच नाही, असे सर्रास असते. प्रोसेसरवरूनही रॅमचा प्रकार ठरत नाही. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्या चालवतात आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्यांतले काय निवडले ते मॉडेलवर अवलंबून असते. डेल, एचपी आणि लेनोवो या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका विनामूल्य देतात. त्यात खाचा किती, कमाल मेमरी किती, झाकणाचे स्क्रू कुठे, बॅटरीची जोडणी कशी सोडवायची हे सगळे चित्रांसह असते. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचा अर्धा तास असेल, तर तो ही पुस्तिका वाचण्याचा.

प्रकारांबाबत चूक होण्यासारखे फार काही नाही, पण चूक झाली तर ती पुरी महागात पडते. डीडीआर३च्या लॅपटॉप-स्टिकला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात, आणि तिघींच्या कडेला असलेली चीर वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एका प्रकारची स्टिक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. बसत नसताना जोर लावला, तर मात्र मदरबोर्डवरची जागा तुटते. डीडीआर३च्या काळातले यंत्र असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी: साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, तर ‘एल’ अक्षराची डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना सहसा ही दुसरीच लागते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर आणि डीडीआर५ १.१ व्होल्टवर चालते.

एवढ्या जुन्या यंत्रात ३२ बिटची विंडोज असण्याचीही शक्यता असते. ती चार जीबीपलीकडची मेमरी वापरू शकत नाही, म्हणून सेटिंग्जमधील ‘सिस्टिम टाइप’ ही ओळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किती जीबी घ्यावी

विंडोज ११ची किमान अट चार जीबी आहे, पण तेवढ्यावर ती केवळ सुरू होते, काम करू देत नाही. पत्रव्यवहार, बँकेची कामे, मुलांचा अभ्यास आणि व्हिडिओ पाहणे यांसाठी आठ जीबी आजही चालते, मात्र ब्राउझरवर थोडा लगाम ठेवावा लागतो. नोकरी किंवा व्यवसाय लॅपटॉपवर चालत असेल, तर सोळा जीबी हा पाया मानावा. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस या, एआयची कामे यंत्रावरच करणाऱ्या वर्गातील लॅपटॉपांसाठी किमान मर्यादा सोळाच ठेवलेली आहे, यावरून वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते दिसते. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये एम्युलेटर चालवणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, डॉकर आणि आभासी यंत्रांवर काम करणारे प्रोग्रॅमर, रेव्हिटमध्ये इमारतींची मॉडेले उघडणारे वास्तुरचनाकार आणि फोर-के व्हिडिओ संपादित करणारे यांनी बत्तीस जीबीचा विचार करावा. चौसष्ट जीबीची गरज ज्यांना असते, त्यांना ती आधीच ठाऊक असते.

बत्तीस जीबीकडे जाणाऱ्यांनी डिस्ककडेही एकदा पाहावे. हायबरनेट (उघडे काम डिस्कवर जतन करून यंत्र बंद करण्याची सोय) चालू असेल तर विंडोज त्यासाठी साधारणपणे रॅमच्या चाळीस टक्के एवढी फाइल डिस्कवर राखून ठेवते, म्हणजे बत्तीस जीबी रॅमला सुमारे तेरा जीबी. २५६ जीबीच्या, आधीच भरत आलेल्या एसएसडीवर ही जागा जाणवते.

एक स्टिक की दोन

इथे सविस्तर थांबायला हवे, कारण सारख्याच पैशांत चांगली आणि सुमार जोडणी यांतला फरक इथेच पडतो.

नेहमीच्या लॅपटॉपांत प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये दोन मार्ग असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एकच स्टिक बसवली तर एकच मार्ग वापरात येतो, दुसरा रिकामा राहतो. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी गाडी लागली आणि पुलाला एकच जिना उघडा असला, तर जे होते, तेच इथे होते: माणसे तेवढीच, पूल तोच, पण बाहेर पडायला दुप्पट वेळ. आकड्यांत सांगायचे तर डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती नेऊ शकते आणि दोन चॅनलवरच्या दोन स्टिका मिळून ५१.२ जीबी. स्टिकवर ‘पीसी४-२५६००’ असे छापलेले असते, ते याच पहिल्या आकड्यावरून.

हा फरक सर्वांना सारखा जाणवत नाही. टायपिंग, हिशेब आणि ब्राउझर यांत तो क्वचितच लक्षात येतो. ज्या लॅपटॉपात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे मात्र पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे कामही याच मेमरीतून होते, आणि तिथे दुसरी स्टिक घातल्यावर खेळ, थ्रीडी आराखडे आणि व्हिडिओ संपादन यांत फरक स्पष्ट दिसतो. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सची गोष्ट बोलकी आहे: एकाच चॅनलवर मेमरी असेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये साध्या ‘यूएचडी’ नावाने दिसते आणि दुसरी स्टिक बसली की ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसू लागते. एएमडी रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सलाही दुहेरी चॅनलचा तितकाच उपयोग होतो. शिवाय ही ग्राफिक्स काही मेमरी स्वतःसाठी राखून ठेवतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ असे दिसते ते हेच, त्यामुळे आठ जीबीच्या यंत्रात कधी कधी जेमतेम सहा जीबीच हाताशी राहतात.

अलीकडे काही विद्यार्थी स्वतःच्या लॅपटॉपवर छोटी भाषा-मॉडेले (मजकूर लिहिणारे एआय प्रोग्रॅम) चालवून पाहतात. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांत आटवले तरी सुमारे चार जीबी जागा घेते आणि प्रत्येक शब्दखंड तयार करताना जवळपास ते सगळे मेमरीतून एकदा वाचावे लागते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिथे अडसर मेमरीच्या वेगाचाच असतो, म्हणून अशा कामाला एका सोळाच्या स्टिकपेक्षा आठ-आठच्या दोन स्टिका बऱ्याच उजव्या ठरतात.

आता प्रत्यक्षात येणाऱ्या परिस्थिती पाहू. सर्वांत सोपी ती, जिथे दोन खाचा आहेत आणि एकीत आठ जीबी बसलेली आहे. तिथे त्याच प्रकारची, त्याच वेगाची आठ जीबीची दुसरी स्टिक घालावी. सोळा जीबी होतात, दुहेरी चॅनल मिळते आणि जुनी स्टिक वाया जात नाही. बत्तीस जीबी हवे असतील, तर जुनी काढून सोळा-सोळाच्या दोन घ्याव्यात. एकदम दोन परवडत नसतील, तर आठच्या शेजारी सोळाची एक घालून चोवीस जीबीवर काही महिने काम भागवावे आणि पुढे आठ काढून दुसरी सोळा घालावी. असमान स्टिका चालत नाहीत हा समज जुना आहे. आठ आणि सोळा एकत्र बसवल्या, तर आठ-आठ जीबीचा भाग दोन्ही मार्गांनी चालतो आणि उरलेली आठ जीबी एकाच मार्गाने; इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणते. ज्याची मेमरी खरोखर अपुरी पडते आहे, त्याच्यासाठी असमान चोवीस जीबी हे नीटनेटक्या सोळापेक्षा केव्हाही चांगले, कारण डिस्कवरून माहिती आणावी लागणे हे एका चॅनलच्या मंदपणापेक्षा कितीतरी पट महाग पडते.

दुसरी परिस्थिती म्हणजे चार जीबी किंवा आठ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक खाच. स्वस्त व मध्यम किमतीच्या पातळ लॅपटॉपांत हे फार आढळते. इथे खाच एकच असल्याने तिचा निर्णय एकदाच नीट करावा. सोल्डर केलेली आठ असेल आणि काम हिशेब-कागदपत्रांचे असेल, तर आठ घालून समान सोळा करावी. काम वाढत जाणारे असेल, तर सोळा घालून चोवीस करावी. सोल्डर केलेली चारच असेल, तर त्या खाचेत आठ घालून बारा करणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा खर्च ओढवून घेणे आहे. पुस्तिका परवानगी देत असेल तर थेट सोळा घालावी.

दोन्ही खाचा चार-चारने भरलेल्या असतील, तर निदान एक स्टिक काढावीच लागते. अशा वेळी चारच्या जोडीला आठ घालून थांबण्यापेक्षा आठ-आठची जोडी घ्यावी. एकच खाच आणि सोल्डर काहीच नाही, अशा यंत्रात दुहेरी चॅनल मिळणार नसते, तेव्हा क्षमतेवरच लक्ष द्यावे. आणि सगळीच मेमरी सोल्डर केलेली असेल, तर ‘चिप बदलून देतो’ असे कोणी सांगितले तरी नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. २०२४पासून एलपीकॅम२ नावाची, स्क्रूने बसणारी नवी पातळ मेमरी मोजक्या लॅपटॉपांत येऊ लागली आहे. तीत एकाच मॉड्यूलवर दोन्ही चॅनल असतात, पण ती सध्या दुर्मीळ आहे.

स्टिकवरचे लेबल कसे वाचावे

समजा डीडीआर४ची आठ जीबीची एक स्टिक हातात आहे. लेबलवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए’ अशी रोमन अक्षरांतली ओळ सापडेल. पहिला भाग क्षमता सांगतो, शेवटचा प्रकार आणि वेग. मधल्या ‘१आरएक्स८’कडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण थोडे काम तिथेच आहे. याच क्षमतेची, दिसायला तशीच, ‘१आरएक्स१६’ लिहिलेली स्टिकही बाजारात असते. दोघी शेजारी ठेवून उजेडात पाहिल्या तर पहिलीवर आठ काळ्या चिपा मोजता येतात आणि दुसरीवर फक्त चार, थोड्या मोठ्या. चार चिपांच्या स्टिकमध्ये आतले बँकगट (चिपमधल्या कप्प्यांचे गट) निम्मे असतात, त्यामुळे एकाच वेळी हाताळता येणाऱ्या विनंत्या कमी होतात आणि तोच वेग छापलेला असूनही ती काही कामांत मागे पडते. निवड करता येत असेल तर डीडीआर४मध्ये ‘एक्स८’ घ्यावी आणि जुनी स्टिक ‘एक्स८’ असेल तर नवीही तशीच शोधावी. डीडीआर५मध्ये आठ जीबीच्या स्टिका सर्वसाधारणपणे चार चिपांच्याच असतात, म्हणून तिथे सोळा जीबीची स्टिक हे अधिक चांगले एकक आहे. डीडीआर५मध्ये चोवीस आणि अठ्ठेचाळीस जीबीच्या स्टिकाही मिळतात. त्या घेण्यापूर्वी आपल्या यंत्राचे बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) त्या ओळखते का, ते कंपनीच्या पानावर पाहून घ्यावे.

वेगाबद्दल फार चिंता नको. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिका एकत्र आल्या तर दोघी कमी वेगाने चालतात, आणि २४०० वेगाच्या यंत्रात ३२०० ची स्टिक घातली तर ती २४०० वरच चालते. नुकसान काही नाही, पण त्या वाढीव वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. बहुतेक लॅपटॉपांत ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे, पर्याय बंद असतात, त्यामुळे उष्णता पसरवणाऱ्या रंगीत पट्ट्या लावलेल्या महागड्या स्टिका इथे काही वेगळे देत नाहीत. कंपनी तीच असावी असा आग्रह नसला तरी चालतो. जगातल्या बहुतांश मेमरी चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच असतात. व्होल्टेज आणि प्रकार जुळणे महत्त्वाचे आहे.

खरेदी

२०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिपांचा मोठा वाटा ओढून घेतला. ऐरोली, महापे, रबाळे या आपल्याच पट्ट्यात अशी केंद्रे उभी राहताना आपण पाहतो. त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला भाव विसरावा, आणि त्याच दिवशी दोन दुकाने व एक संकेतस्थळ असा तिहेरी भाव काढावा.

ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला नौपाड्याच्या बाजूला आणि नवी मुंबईत वाशीत संगणकाची दुकाने आहेत. निवड जास्त हवी असेल तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठावा. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड, तिथून चालत काही मिनिटे. रविवारी जाऊ नये, त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात. माझा कल मात्र नवख्याने जवळच्या दुकानातूनच घ्यावे असा आहे. दोन-अडीचशे रुपये जास्त गेले तरी स्टिक चालली नाही तर संध्याकाळी परत जाता येते.

लॅपटॉप सोबत न्यावा आणि नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, ‘दादा, आधी लावून चालू करून बघू या, मग बिल करा.’ चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. बंद पाकिटातली स्टिक घ्यावी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या स्टिकाही सुट्ट्या विकल्या जातात, त्या चालतातही, पण त्यांची हमी कोण देणार हे आधी ठरवावे. बिल अठरा टक्के जीएसटीसह पक्के घ्यावे आणि त्यावर स्टिकचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढे वॉरंटी मागताना तोच विचारला जातो. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ऐरोली, महापे किंवा घणसोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कंपनीने दिलेला लॅपटॉप, खर्च स्वतः करणार असलात तरी, उघडू नये. ती कंपनीची मालमत्ता आहे. टास्क मॅनेजरमधले टंचाईचे आकडे कामाच्या वेळी टिपून आयटी विभागाकडे रीतसर विनंती करावी, आकडे जोडलेले असले की अशी विनंती लवकर मान्य होते.

बसवताना

यंत्र वॉरंटीत असेल तर झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी कंपनीला विचारावे. स्वतः करणार असाल तर घाई नसलेली वेळ निवडावी. एसीच्या थंड खोलीतून किंवा बसमधून लॅपटॉप दमट हवेत आणला की त्यावर आत-बाहेर बाष्प धरू शकते, म्हणून पावसाळ्यात तर घरी आल्यावर अर्धा तास तरी तो तसाच ठेवावा. दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, पण एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत तो उरतोच. नायलॉनचे कपडे टाळावेत आणि स्टिक हातात घेण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ करावे, म्हणजे विंडोज अर्धवट झोपेत न जाता पूर्ण बंद होते. चार्जर काढावा. खालचे स्क्रू काढताना ते ज्या जागचे आहेत त्या जागेच्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवावेत, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आत लागतो. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. झाकण जुन्या एटीएम कार्डासारख्या प्लास्टिकने कडेकडेने सोडवावे, धातूच्या पात्याने नाही. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मग पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे.

जुनी स्टिक काढताना दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्यांना बाहेर ढकलले की ती आपोआप तिरकी वर येते. नवी घालताना आधी तिची चीर जागेवरच्या उंचवट्याशी जुळवावी, कडेला धरून सुमारे तीस अंशांच्या कोनात आत सरकवावी आणि सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत ठामपणे दाबावी. सोनेरी भाग अजून ठळक दिसत असेल, तर ती पुरी आत गेलेली नाही. तशीच खाली दाबली तर चिमटे लागतील, पण यंत्र सुरू होणार नाही. पुरी आत गेल्यावर खाली दाबली की दोन्ही चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येतो.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळाच राहिला तर लगेच बंद करू नये. नवी मेमरी दिसली की यंत्र तिच्याशी जुळवून घेते, आणि डीडीआर५मध्ये याला काही मिनिटेही लागू शकतात. दहा मिनिटांनंतरही काही दिसले नाही, तर बॅटरी सोडवून स्टिक पुन्हा बसवावी. तरीही नाही, तर एकेक स्टिक एकेका खाचेत घालून पाहावी, म्हणजे दोष स्टिकचा की खाचेचा ते कळते.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण जीबी, वेग आणि वापरातल्या खाचा पाहाव्यात. दुहेरी चॅनल लागले का, ते सीपीयू-झेड या विनामूल्य प्रोग्रॅमच्या ‘मेमरी’ भागात दिसते. डीडीआर५वर तिथे ‘चार गुणिले ३२ बिट’ असे दिसले तर गोंधळू नये, त्या मेमरीत प्रत्येक स्टिकचे दोन उपमार्ग असतात, त्यामुळे हेच दुहेरी. यानंतर विंडोजची ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी चालवावी आणि शक्य असेल तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवावी. एकही चूक दाखवली तरी ती स्टिक बदलून घ्यावी. ‘एवढे चालते’ असे कोणी म्हटले तर मानू नये, कारण सदोष मेमरी बंद पडण्याऐवजी फायली नकळत बिघडवत राहते. ही चाचणी दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याआधीच करावी.

काढलेली जुनी स्टिक लगेच विकू नये. निदान महिनाभर ती तिच्याच प्लास्टिकच्या डबीत किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावी. नवीत दोष निघाला तर काम अडत नाही, आणि लॅपटॉप वॉरंटीच्या दुरुस्तीला द्यायचा झाला तर मूळ स्टिक परत बसवून देणे सोयीचे पडते. त्यानंतर ती तशाच जुन्या यंत्राच्या उपयोगी पडते का ते ओळखीत विचारावे, आणि कोणालाच नको असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.